खोलीचं तापमान

अर्धवाहकाचे नॅनोस्फटिक तापले की त्यांचा उजेड मंदावतो आणि लालसर होतो. हे दाखवायला मुबश्शिरानं पीएचडीची चार वर्षं घातली. पण नांदेडच्या मे महिन्यात कॉलेजची प्रयोगशाळाच भट्टी झालेली.

"सर, खोलीच त्रेचाळीसवर हाय. तुलनेला लागणारं पंचवीस अंशांचं रीडिंग आणू कुठून?"

"एसी मंजूर झालाय, पण आलाच न्हाई बेटा," गाईड म्हणाले. "तू पंचवीस लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

तिनं खोटं लिहिलं नाही. मुदतवाढीच्या अर्जावर सही घ्यायला ती सरांच्या खाजगी कोचिंग क्लासमध्ये गेली, तर तिथं भर दुपारी पोरी ओढण्या लपेटून कुडकुडत बसलेल्या.



डोक्यावरच्या एसीवर काळ्या रंगात लिहिलं होतं : 'भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, डेड स्टॉक नंबर ४१'.