चौघांची उडी

विमानाचं दार वर सरकलं आणि धाकटीला वाटलं, आज नको.

गेली तीन वर्षं दर वेळी असंच वाटतं. तिने कुणाला सांगितलेलं नाही. ती काम करते त्या चष्म्याच्या दुकानातल्या बायका म्हणतात, "तुझं बरंय बाई, मोकळं आकाश!" त्या मोकळ्या आकाशात जायला आधी वीस मिनिटं विमानाच्या फरशीवर दाटीवाटीने, पुढच्याच्या पाठीला नाक लावून बसावं लागतं, आणि बाहेर पडायला दार एकच असतं. हे त्यांना कोण सांगणार?

दादा आधी बाहेर गेला. दाराबाहेरच्या दांडीला धरून तो वाऱ्यात लटकला, तोंड आतल्या बाजूला. त्याच्या शेजारी मास्तर. ते शाळेत गणित शिकवतात आणि इथेही पेपर तपासायला आल्यासारखे दिसतात. दाराच्या चौकटीत धाकटी. तिच्या मागे वाकून उभी दातांची डॉक्टर, धाकटीच्या मांडीवरचा पट्टा मुठीत आवळून. दादाने धाकटीची एक बाही धरली, मास्तरांनी दुसरी. आता सुटायचं तर चौघांनी एकदमच.

त्या वाऱ्यात ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून मोजणी मानेने होते आणि ती मान धाकटीची. वर, खाली, बाहेर. एक जण जरी अर्धा ठेका मागे राहिला तरी पकड तुटते, चौघं चार दिशांना फेकले जातात आणि कुणाचा तरी गुडघा कुणाच्या तरी तोंडावर बसतो. जमिनीवर, दाराच्या लाकडी सांगाड्यातून, ही उडी त्यांनी हजार वेळा घोटली होती. आणखी एक खूण पहिल्याच दिवशी शिकवलेली. मान आडवी हलली की सगळे आत. ज्याला नको वाटेल त्याने हलवावी, आणि नंतर त्याला कुणी 'का' म्हणून विचारायचं नाही. अकरा वर्षांत ती खूण कुणीच केली नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी ती दादाच्या हात धुऊन मागे लागली होती, मला पण यायचंय म्हणून. आईने दादाला एवढंच बजावलं, "हिला एकटीला सोडायचं नाही." त्याने सोडलं नाही. पहिली काही वर्षं मजेत गेली. मग एके दिवशी तिचं पॅराशूट पिळलेल्या चादरीसारखं डोक्यावर फडफडत राहिलं. राखीव पॅराशूट उघडलं म्हणून वाचली. खाली उतरल्यावर सगळे धावत आले तेव्हा ती हसली. तिथेच चुकलं. तेव्हा रडली असती तर सुटली असती.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या पॅराशूटची घडी दादाच घालू लागला. इतरांना पंधरा मिनिटं लागतात, दादा तासभर बसतो. गुडघे टेकून, एकेक दोरी बोटांनी चाचपत. एवढं करणाऱ्या माणसाला 'मला नको' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मागच्या वर्षी तर त्याने चांगली चालून आलेली बदली नाकारली. "चौकडी मोडेल," म्हणाला. दादाला या उड्यांचं वेड लागलंय आणि त्या वेडात आपण पुरत्या अडकलोय, हे धाकटीला कळून चुकलं होतं.

हिरवा दिवा लागला.

सगळे तिच्या मानेकडे बघत होते. दादा तर गॉगलच्या काचेतून डोळे रोखून, पापणीही न हलवता. दर वेळी तो असाच बघायचा आणि दर वेळी तिला त्याचा राग यायचा. अरे, बघतोस काय असा? पळून जाणार आहे का मी? जायला जागा तरी कुठे ठेवली आहेस?

मान वर करायची होती. ती आडवी हलली. एकदा हलली, आणि मग थांबेचना.

डॉक्टरने मागून तिला आत ओढलं. मास्तर आत आले. शेवटी दादा आला. दार खाली सरकलं आणि एकदम सगळं शांत झालं.

"काय झालं?" पायलटने वळून विचारलं. "आणखी एक चक्कर मारू?"

"नको," दादा म्हणाला. "खाली घ्या."

नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. मास्तर आपली नखं बघत बसले. डॉक्टरने तिच्या पाठीवर हात ठेवला. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादाची अकरा वर्षं तिने एका क्षणात मातीत घातली होती. तिने चोरून त्याच्याकडे पाहिलं. त्याने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"दादा, चुकले रे. मला भीती वाटते. तीन वर्षं झाली."

"मला अकरा," दादा म्हणाला. "तू आलीस त्या दिवसापासून. दर वेळी तुझ्या मानेकडे बघतो, आज तरी आडवी हलेल म्हणून."

मग तिने नियम मोडला.

"मग तू का नाही हलवलीस?"

"मी थांबलो असतो तर तू दुसऱ्या कुणाबरोबर गेली असतीस." दादाने बाहीने नाक पुसलं. "आणि मग तुझ्या पॅराशूटची घडी कुणी घातली असती?"