बोटभर

“बोटभर खाली-वर चालतं,” वस्ताद म्हणाले. लिफ्टच्या उंबऱ्यापाशी वाकलेल्या तिच्याकडे न बघता त्यांनी घड्याळ बघितले. “नियमपुस्तकातच लिहिलंय.”

नियमपुस्तक लिहिणारी मंडळी दोन पायांवर चालणारी असावीत, असे तिचे अलीकडे मत झाले होते. अपघातानंतरचे चौदा महिने तिने चाकांच्या खुर्चीत काढले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने संकट माणसाला शहाणे करते असे तिला ऐकवले होते. नेमके कशाबाबत, हे विचारताच मात्र सगळ्यांना घरची कामे आठवली होती.

आज ती कामावर परतली होती, तीही परीक्षेपुरती. वस्तादांच्या हातातल्या कागदावर दोन चौकटी होत्या. एकीत खूण झाली तर लिफ्टच्या दुरुस्तीचे तिचे जुने काम; दुसरीत झाली तर कार्यालयात बसून तक्रारींचे फोन घेणे. तासाभराच्या तपासणीला तिने अडीच तास लावले होते, आणि वस्तादांनी पेनाचे टोपण काढले होते.

“पाय दुखतोय का? खरं सांग,” त्यांनी विचारले. “फोनवर बसण्यात कमीपणा नाही गं. तोंड तर तुझं आधीपासूनच कामसू आहे.”

“पाय दुखतोय. पण उशीर त्याच्यामुळे नाही. वर मशीनच्या खोलीतल्या तपासणीच्या वहीत बघा, आठ वर्षांपूर्वी ही लिफ्ट कुणी तपासली होती?”

“तूच.”

“‘प्रत्येक मजल्यावर बिनचूक थांबते’ असं लिहून खाली झोकात सही केलीय मी. बोटभर खाली थांबत होती, वस्ताद. मला तेव्हाही दिसत होतं.”

वस्तादांनी टोपण लावले नाही. लिहिलेही काही नाही.

वरचे मजले तिचे जुळवून झाले होते, तळमजला उरला होता. ती जिना चढून वर गेली, लिफ्टच्या छपरावर उतरली, मजल्याची खूण देणारी पट्टी केसभर सरकवली, पुन्हा खाली आली. असे तीनदा. तिसऱ्या खेपेला तिने लिफ्टच्या आणि जमिनीच्या कडेवर पोलादी फूटपट्टी आडवी ठेवली. फूटपट्टीखाली कागदसुद्धा शिरेना.

तेवढ्यात वरून कुणीतरी लिफ्ट बोलावली. लिफ्ट वर जाऊन परत खाली आली, दार उघडले, आणि आत दिसली ती चाकांची खुर्ची आणि एक पाठ. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर होते.

“बाजूला व्हा, मी उलटाच येतो,” ते मागे न बघता म्हणाले. “पुढची चाकं छोटी. कडेला अडतात. सहा वर्षं जगाला पाठ दाखवत बाहेर पडतोय. शेजाऱ्यांना वाटतं, मी रुसलोय.”

“सर, आज सरळ या.”

“आपटेन. मागे एकदा चष्मा गेला त्यात.”

“आपटलात, तर मी जन्मभर फोनवर बसेन.”

याचा अर्थ हेडमास्तरांना कळण्याचे काहीच कारण नव्हते. पण समोरच्याने सर्वस्व पणाला लावले आहे, हे चाळीस वर्षे परीक्षा घेतलेल्या माणसाला आवाजावरून कळते. अरुंद जागेत पुढे-मागे करत त्यांनी खुर्ची वळवली. मग डोळे गच्च मिटले आणि दोन्ही चाकांना जोर दिला.

वस्तादांनी नकळत हात पुढे केले. त्यांची गरज पडली नाही. खुर्ची त्यांच्या बाजूने निघून थेट टपालपेट्यांपाशी जाऊन थांबली.

“अडलो का?” हेडमास्तरांनी विचारले. डोळे अजून मिटलेलेच होते.

“बाहेर आलात, सर.”

वस्ताद कष्टाने वाकले. त्यांनी दोन उंबऱ्यांमधल्या फटीवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग गुडघ्यावरच कागद ठेवून पहिल्या चौकटीत खूण केली. “आता पुढची इमारत,” ते म्हणाले. “आणि तिथेही अडीच तासच लावणार असशील, तर डबा खाऊन निघू.”

ती हसली. फूटपट्टी पुसू लागली, तोवर हेडमास्तर खुर्ची वळवून पुन्हा लिफ्टकडे निघाले होते.

“काही विसरलात का, सर?”

“नाही,” ते म्हणाले. “परत येतो. या वेळी डोळे उघडे ठेवून.”