विसावं नाव

“एकोणीस झाली, बाई. एक पोर कमी पडतंय.” हेडसरांनी रजिस्टर मिटलं. “जूनपर्यंत विसावं नाव आलं नाही, तर पहिलीची तुकडी गेली म्हणून समजा.”

तुकडी गेली की शुभांगीबाई गेल्या, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. शाळेत सगळ्यांत नव्या त्याच. मग अतिरिक्त शिक्षक म्हणून पाठवतील तिकडे जायचं, कदाचित पार सुरगाण्याला. नवरा अंबडच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. घरात साडेपाच वर्षांचा ललित. नोकरी धरायची की संसार, असला प्रश्न देवाने वैऱ्यालाही घालू नये.

दोन हजार तीनचा मे होता. सुट्टीत लोक लग्नाला जातात, मामाच्या गावाला जातात. मराठी शाळेतले शिक्षक मात्र पोरं शोधायला जातात. उन्हातान्हात लोकांचे उंबरे झिजवायचे, आणि “आमचं इंग्रजीत घालायचंय” हे ऐकून परत फिरायचं.

“मी मखमलाबादला जाऊन येते,” शुभांगीबाई म्हणाल्या. “फूलबाजारात त्या सखुबाई बसतात ना, त्यांचा नातू आहे. राज.”

“अहो, त्याचा तर इंग्रजी शाळेत नंबर लागलाय. म्हातारी बाजारभर सांगत फिरतेय. लागलेल्या पोरामागे कशाला जाता? ज्यांचं अजून कुठेच नाही, त्यांच्याकडे बघा.”

“ती पोरं कुणीही आणेल, सर. हे मी आणते.”

हेडसरांनी खांदे उडवले. बाई जिद्दीची आहे, एवढंच त्यांना वाटलं.

मळ्यात राजचा बाप गोटीराम मोगऱ्याला पाणी देत होता. बाईंना पाहून त्याने पाय धुतले, ओसरीवर सतरंजी टाकली. सखुबाईने चहा टाकला. ओळख जुनी होती. दर गुरुवारी बाई तिच्याकडूनच हार घ्यायच्या, आणि म्हातारी वर दोन फुलं जास्तीची टाकायची.

“नातू लागला बघा साहेबाच्या शाळेत,” सखुबाई कौतुकाने म्हणाली. “एबीसीडी घडाघडा म्हणतो.”

बाईंनी राजला जवळ घेतलं. “ए म्हणजे काय रे?”

“अ‍ॅपल.”

“आणि अ‍ॅपल म्हणजे?”

राज विचारात पडला. “चित्रातलं,” तो म्हणाला.

“बरं, मोगरा कधी तोडायचा?”

मग काय विचारता. कळी पांढरी झाली पण उमलली नाही, तेव्हाच तोडायची, ऊन चढायच्या आत, आणि ओल्या फडक्यात ठेवायची. फुललेली नेली की बाजारात कुणी विचारत नाही. पोराचं तोंड थांबेना. बाईंचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं.

“गोटीरामभाऊ, एवढं शहाणं पोर तिथे जाऊन मुकं होईल,” त्या म्हणाल्या. “घरात इंग्रजी कोण बोलतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अभ्यास घ्यायला शिकवणी लावाल. तिथेही कळलं नाही, की पोर स्वतःला मठ्ठ समजायला लागेल. आमच्याकडे ते वर्गात पहिलं येईल. मी स्वतः शिकवीन.”

गोटीरामने पोराकडे पाहिलं. त्याची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. पोराने तरी टाय लावून जावं, एवढीच त्याची हौस. त्यासाठी त्याने तीन वेळा त्या शाळेचे हेलपाटे घातले होते. इंटरव्ह्यूला मेव्हण्याची पँट घालून गेला होता.

“बाई, मी अडाणी माणूस हाय. खरं सांगा. तुमचं पोर असतं तर?”

“माझा ललित तुमच्या राजएवढाच आहे,” शुभांगीबाई हळू आवाजात म्हणाल्या. “त्याचंही यंदाच ठरायचंय. लेकराच्या शाळेचा आईला किती घोर असतो, ते मला कुणी सांगायला नको.”

सखुबाईने पदराने डोळे टिपले. “बाई काय वाईट सांगतील का रे? इतक्या वर्षांची ओळख हाय.”

गोटीरामने मान हलवली. “बरं. तुमच्या भरवशावर घालतो.”

“मग तिथलं नाव आजच काढून या. शाळा सुरू झाली की फी परत देत नाहीत.”

“त्याला अर्ज लागंल ना? मला कुठं इंग्रजी येतं.”

“मी लिहून देते की.” बाईंनी पर्समधून कागद काढला आणि मांडीवर ठेवून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. गोटीरामने खाली जपून सही केली. निघताना सखुबाईने बाईंच्या केसांत आपल्या हाताने गजरा माळला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात राजचं नाव पटावर चढलं. विसावं. हेडसरांनी पेढे वाटले. “बाई, तुम्ही तुकडी वाचवलीत,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. नव्या गणवेशातला राज पहिल्या बाकावर बसला होता, आणि बाईंनी विचारण्याआधीच उत्तरं देत होता. बाईंना तो खरंच आवडला.

त्याच दुपारी अर्धी रजा टाकून शुभांगीबाई इंग्रजी शाळेच्या ऑफिसात गेल्या. क्लार्कपुढे पहिलीची यादी होती. राजच्या नावावर त्याने पट्टी धरून लाल रेघ मारली होती.

“गेल्या महिन्यात तुम्ही ही यादी वाचत उभ्या होतात, तेव्हाच म्हणालो होतो ना मॅडम, वेटिंगला पहिलं नाव तुमचंच आहे, पण कुणी नाव काढलं तरच जागा होईल,” तो हसून म्हणाला, आणि त्याने पेनाचं टोपण काढलं. “हं, सांगा. ललितचं स्पेलिंग.”