हंसराजाचे चार आठवडे

नवा कोंभ शर्टाच्या बटणाएवढा होता, आतल्या आत गुंडाळलेला आणि बारीक लव असलेला. असे सात कोंभ होते. बाईंनी भिंग धरून ते दोनदा मोजले.

"नेला तेव्हा दोनच होते," त्या म्हणाल्या.

"हो काकू. तिसरा नवव्या दिवशी आला," समोरची तरुणी म्हणाली. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. तिच्या शेजारी बाईंचा मुलगा पाय पसरून बसला होता.

चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान वडिलांनंतर ती एकटी चालवत होती. म्हणून बाईंच्या धाकट्या बहिणीने, मुलाच्या मावशीने, तिचं नाव घड्याळवाली ठेवलं होतं. मुलाने तिला पहिल्यांदा घरी आणलं त्याला दोन वर्षं झाली. "लग्न करायचंय," तो म्हणाला होता. "बघू," बाई म्हणाल्या होत्या. त्यानंतरही विषय निघाला की "बघू"च. आणि आईच्या होकाराशिवाय लग्न नाही, असं घड्याळवालीनेच ठरवून टाकलं होतं.

शेवटी चार आठवड्यांपूर्वी बाईंनी हंसराजाची, म्हणजे त्या नाजूक नेच्याची, कुंडी तिच्या हातात दिली. "हा चार आठवडे सांभाळ आणि परत आण. मग सांगते."

"तुला सून हवीय का माळीण?" मावशीने तेव्हा विचारलं होतं.

पण हंसराज सांभाळणं सोपं नाही. त्याचे देठ काळ्या तारेसारखे, पानं कागदाहून पातळ. त्याला ऊन चालत नाही, वारा चालत नाही, आणि कोरडी हवा तर मुळीच नाही. कुंडीखाली खड्यांची ताटली ठेवायची, तिच्यात पाणी घालायचं, पण पाणी कुंडीच्या बुडाला लागू द्यायचं नाही. बाईंनी अकरा वर्षं तो वाढवला होता. त्यांनी तीन शेजारणींना रोपं दिली होती. तिन्ही रोपांच्या महिन्याभरात काड्या झाल्या.

कुंडीबरोबर त्यांनी एक वही आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र दिलं होतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईंचा नियम साधा होता. दिवसातून तीन वेळा आकडा लिहायचा. चुकलं तरी लिहायचं. खोडायचं नाही, एक रेघ मारून पुढे जायचं.

बाईंनी वही उघडली. चौसष्ट, एकाहत्तर, अडुसष्ट. सहासष्ट, त्र्याहत्तर, सत्तर. अक्षर बारीक आणि सरळ. पाचव्या दिवशी एक रेघ होती. शेजारी लिहिलं होतं : 'यंत्र खिडकीजवळ राहिलं. आकडा धरू नये.'

बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"बघ, हसली!" बाजूला बसलेली मावशी भाच्याला म्हणाली. "हिच्या हाताखालच्या लोकांनी हे बघायला बढती सोडली असती."

बाराव्या दिवशी अक्षर बदललं. मोठं, उजवीकडे कललेलं. बहात्तर, बहात्तर, बहात्तर. पान उलटलं तरी बहात्तर.

"हे चार दिवस?"

"मी बाहेरगावी होते, काकू. एका मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलं होतं. दुकानाची किल्ली याच्याकडे दिली होती."

"रोज तीन वेळा जात होतो, आई," मुलगा म्हणाला. "आणि बघ, जरासुद्धा हलू दिला नाही आकडा. बहात्तर म्हणजे बहात्तर! शेवटी मुलगा कोणाचा?"

"वा रे पठ्ठ्या," मावशी म्हणाली.

बाईंनी पुढची नोंद वाचली. अक्षर पुन्हा बारीक झालं होतं. 'दिवस सोळा. परतले. आर्द्रता एक्केचाळीस. ताटली कोरडी, खडे पांढरे पडलेले. नऊ देठ करपले. कारण : बहुधा जाताना मी पाणी कमी घातलं. चूक माझी.'

त्यांनी ती नोंद परत वाचली.

"मग काय केलंस?"

"करपलेले देठ बुडापाशी कापले. जुन्या घड्याळाची काचेची हंडी होती, ती वर झाकली. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं उचलायची, नाहीतर बुरशी धरते. चार दिवस काहीच हललं नाही. मला वाटलं, गेला. मग एका सकाळी तीन कोंभ एकदम."

हे सांगताना ती पहिल्यांदाच खुर्चीत नीट मागे टेकून बसली. मान ताठ झाली होती.

"मी तुला सांगितलंच होतं, आई," मुलगा म्हणाला. "हिच्यावर सोडलं की आपल्याला बघावं लागत नाही. घर, दुकान, सगळं एकटी ओढते. आपण निवांत." त्याने फोन काढला. "हॉलच्या दोन तारखा धरून ठेवल्यात."

बाईंनी वही मिटली. एकतीस वर्षांत इतकी स्वच्छ नोंद त्यांनी फार थोड्यांच्या हातची पाहिली होती. त्यांचा ऊर भरून आला. आपली विद्यार्थिनी पहिली आली की शिक्षिकेचा येतो तसा.

"अगं ताई, आता तरी तोंड उघड," मावशी म्हणाली. "पोरीने मेलेलं झाड उठवून आणलं. आणखी काय सूर्य आणून दाखवायचा?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. उठून त्या घड्याळवालीपाशी गेल्या आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मुलगा हसत सरसावून बसला.

"दोन वर्षं हे माझ्या तोंडून निघत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मुली, माझ्या मुलाशी लग्न करू नकोस."