पिंप मालवणीत बोललं

हाताची शाई काढायला सुलभा गावसने रसायनाच्या पिंपाची तोटी सोडली आणि पिंप रोजच्यासारखं इंग्रजीत धोक्याच्या सूचना बडबडू लागलं. कायद्याने रसायनांची पिंपं बोलकी केल्याला तीन वर्षं झाली होती. कुडाळच्या या छापखान्यातल्या बायका तिकडे रेडिओइतकंच लक्ष द्यायच्या.

आज मात्र सुलभाचं डोकं ठणकत होतं. ती खेकसली, "रे मेल्या, काय ता आमच्या भाषेत सांग."

पिंपाने लगेच भाषा बदलली. "बाये, माझ्यात हात धुव नको. मी कातडीतसून रक्तात जातंय. तुझा डोक्या माझ्यामुळाच दुखता."

हातातलं काम टाकून सगळ्या बायका पिंपाकडे वळल्या. सुपरवायझर बांदेकर धावत आले. "अगो, बिघडलंय ते."

"बिघडूक नाय," पिंप म्हणालं. "आजपर्यंत कोणी इचारल्यानच नाय."

मग काय, चाळीस बायकांनी पिंपाला गराडा घातला. हातमोजे कुठले घालू, बाळाला दूध पाजू की नको, एकीचा प्रश्न संपेपर्यंत दुसरीला धीर नव्हता. पिंपही न थकता सगळं सांगत सुटलं.

शेवटी बांदेकरच गर्दीत घुसले आणि पिंपाजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "आणि जो बावीस वर्षां ह्यात हात धुता हा, त्याचा काय?"