तांबडा मसाला

ग्वांगचौहून लग्न होऊन तिखटखाऊ चोंगछिंगला आलेल्या लीथिंगला गल्लीत सगळे अजून 'पांढऱ्या रश्श्याच्या गावची' म्हणत. घरच्या हॉटपॉटचा, म्हणजे उकळत्या रश्श्यात भाज्या-मांस बुडवून खायच्या जेवणाचा, तांबडा मसाला बारा वर्षं सासूबाई ग्वेइलानच परतत, तोही खिडकी घट्ट लावून. समोरच्या फान काकूंना मसाल्यात काय काय पडलंय ते नुसत्या वासावरून सगळं कळतं, म्हणून.

यंदा सासूबाईंचा उजवा हात मोडला आणि त्या दिवशी संध्याकाळी तर सगळं घर जेवायला जमायचं होतं. लीथिंगने पहिल्यांदाच कढईत चरबी वितळवली, मिरच्या टाकल्या, जपून परतत राहिली. घरभर ठसका उठला. तशा सासूबाई उठल्या आणि डाव्या हाताने त्यांनी खिडकी सताड उघडली.

लीथिंगने झारा थांबवला. "करपला का हो, आई?"

"तू ढवळत राहा."

समोरच्या खिडकीतून फान काकू खोकत खोकत म्हणाल्या, "ग्वेइलान, हात बरा झाला वाटतं. खिडकी लावलीस तरी इतकी वर्षं फटीतून वास येतोच; तुझा मसाला लगेच ओळखू येतो बाई."

सासूबाईंनी प्लास्टरमधला हात खिडकीबाहेर काढून दाखवला.

"हात आहे तसाच आहे. चुलीपाशी पांढऱ्या रश्श्याच्या गावची उभी आहे."