बल्बचं बटण

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि ओट्यावर पाय सोडून बसला आहात. मांडीवर गणिताची वही आहे. समोर अंगणात तुमची आई लोखंडी पाइप पायाखाली दाबून बसली आहे. तिच्या हातात कटर मशीन आहे. सात महिन्यांपूर्वी तुमच्या वडिलांची दोन बोटं ज्याने नेली, तेच मशीन. आता सांगा, गणित सुटेल?

मयुरीचंही सुटत नव्हतं.

तिच्या आईने, पुष्पाबाईने, पदर कमरेला घट्ट खोचला होता. डोळ्यांवर मयुरीच्या वडिलांचा जाड काचेचा कामाचा चष्मा होता. तो नाकावरून सारखा घसरत होता. मशीन पाइपाला लागलं की ठिणग्यांचा झोत उडायचा, आणि मयुरी डोळे मिटून घ्यायची.

अंगणाला फाटक करायचं होतं. वडिलांनी, चुडामणने, ते अपघाताच्या दिवशी अर्धं सोडलं होतं. पाइप तेव्हापासून निंबाखाली गंजत पडले होते. परवा म्हशीचं पारडू सरळ रस्त्यावर गेलं, आणि रावेरकडून येणाऱ्या केळीच्या ट्रकने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचलं. शेजारच्या हितेंद्रला तीनदा सांगून झालं होतं. तो तिन्ही वेळा म्हणाला, "उद्या येतो, वहिनी." शेवटी आज सकाळी पुष्पाबाईने माळ्यावरून मशीन खाली उतरवलं.

"काय वं पुष्पा," भिंतीवरून सुनंदाबाई डोकावली, "आता बाप्यांचे कामं बी तूच करशील का?"

"तुह्या घरी एखादा रिकामा असंन तर दे धाडून!" पुष्पाबाई म्हणाली. सुनंदाबाई हसत आत गेली.

चुडामण हसला नाही. तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर बसला होता. उजवा हात त्याने डाव्या काखेत दाबून धरला होता. हल्ली तो हात तिथेच असायचा.

गावातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी या माणसाने दुरुस्त केल्या होत्या. आता तो घराला कुलूपसुद्धा लावत नसे. गॅस बंद करायला सांगितलं तर म्हणे, "मले नका सांगू. मी इसरतो."

त्याचं असं झालं होतं. मशीनच्या अंगावरचं बटण जुनंच तुटलेलं. ते चालूच राहायचं. म्हणून मशीन ओट्यावरच्या बोर्डावरून चालू-बंद करायचं, अशी घरातली पद्धत. त्या दिवशी काम चालू असताना लाईट गेली. तेवढ्यात चकती बदलून घेऊ, म्हणून चुडामणने मशीन मांडीवर घेतलं. लाईट आली, आणि मशीन त्याच्या हातातच फिरलं. लोक धावून आले तेव्हा बोर्डावरचं बटण चालू होतं. चुडामण बंद करायला विसरला, असं सगळे म्हणाले. आधी तो नाही नाही म्हणत होता. मग तोही तेच म्हणू लागला.

अंगणातला आवाज एकाएकी उतरत गेला. मशीन थांबलं.

"गेली लाईट," पुष्पाबाई म्हणाली.

"बटन," चुडामण मान न वळवता म्हणाला.

पुष्पाबाई उठली, ओट्यावर आली आणि बोर्डावरचं बटण तिने बंद केलं. "केलं. दोनदा पाह्यलं." ती परत जाऊन बसली. चकती झिजून लहान झाली होती. तिने मशीन उलटं मांडीवर घेतलं, पाना लावला, आणि डाव्या हाताने चकती धरली.

"मयुरी, बल्बचं बटन दाबून ठेव माय. लाईट आली का समजंन."

हे त्यांच्या गावात घरोघरी करतात. लाईट गेली की एका बल्बचं बटण चालू ठेवायचं. बल्ब पेटला की लाईट आली, की शेतातल्या मोटारीकडे पळायचं. लहान पोरांनाही ही सवय असते. कोणी सांगायची वाट ती पाहत नाहीत.

मयुरी उठून बोर्डापाशी गेली. बोर्डावर दोन बटणं होती, एकमेकांना चिकटून. एक मशीनचं, एक बल्बचं. दोन्ही पांढरी. दोन्ही सारखीच.

तिचा हात वर गेला नाही. सात महिने तिने या बोर्डाला हात लावला नव्हता. अंधार पडला तरी ती दुसऱ्या कोणाला तरी बल्ब लावायला सांगायची. पोरगी अपघाताने घाबरली आहे, असं घरच्यांना वाटे.

"अवं, दाब ना! ऐकू नही येत का?"

"राहू दे तिले," चुडामण म्हणाला. "अन् तूही ठेव ते मशीन. आज पाह्यलं दोनदा. एखाद दिवशी माह्यासारखी इसरशील."

मयुरीने वळून त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

तिने बटण दाबलं नाही. तिने दोन्ही हातांनी मशीनची पिनच बोर्डातून उपटली. वायर मागे ओढत ती बाजेपर्यंत गेली. काखेत दडवलेला वडिलांचा तीन बोटांचा हात तिने ओढून बाहेर काढला, आणि पिन त्याच्या तळव्यावर ठेवली.

"आबा, तुम्ही इसरले नव्हते," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही बटन बंद केलं होतं. मी बल्बचं समजून तेच दाबलं."